सिम्युलिंक मॉडेल आणि सामायिक रेपॉझिटरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेलवरून गाडीच्या कंट्रोलरचा कोड काढणाऱ्या टीममध्ये मी काम करते. टीम नवी असो की जुनी, पहिल्या महिन्यात येणारे प्रश्न तेच असतात आणि त्यांची उत्तरं बहुतेक वेळा चहा घेताना तोंडीच दिली जातात. ती इथे लिहून ठेवते आहे. उदाहरणं सिम्युलिंक (मॅटलॅबमधलं, ब्लॉक जोडून मॉडेल बनवायचं टूल) आणि गिट (फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं टूल) यांची आहेत, कारण माझा रोजचा हात याच जोडीवर बसलेला आहे.

खाली एक कसोटी पुन्हा पुन्हा येईल, तिला मी कोऱ्या मशीनची कसोटी म्हणते. नव्या, रिकाम्या मशीनवर रेपॉझिटरी (सगळ्या फाइली इतिहासासह ठेवायची सामायिक जागा) क्लोन करायची, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवायची, प्रोजेक्ट उघडायचा आणि कोड काढायचा. गाडीत गेलेलाच कोड निघाला, तर डिझाइन डेटा नीट सांभाळलेला आहे. त्यासाठी कुणाला फोन करून एखादी फाइल मागावी लागली, तर नाही.

मॉडेल म्हणजे एक फाइल. ती शेअर्ड ड्राइव्हवर ठेवली तर काय बिघडतं?

मॉडेल एका फाइलमध्ये दिसतं, पण त्याचा अर्थ एका फाइलमध्ये नसतो. त्यातले ब्लॉक लायब्ररीतून आलेले असतात, आत दुसरी मॉडेलं जोडलेली असतात, गेन आणि लिमिटच्या किमती डेटा डिक्शनरीत (किमती आणि डेटाच्या व्याख्या ठेवायच्या वेगळ्या फाइलमध्ये) किंवा एखाद्या स्क्रिप्टमध्ये असतात. शिवाय एस-फंक्शनचा (स्वतः कोड लिहून बनवलेल्या ब्लॉकचा) सी कोड, कोड जनरेशनची सेटिंग आणि मॅटलॅबची रिलीज हेही त्यात आलं. शेअर्ड ड्राइव्हवर यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाने बदलत राहते. मंगळवारचं मॉडेल शुक्रवारच्या डिक्शनरीशी जुळेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. रेपॉझिटरीत एक कमिट म्हणजे या सगळ्यांचा एका क्षणाचा एकत्र फोटो असतो, आणि तो क्षण पुन्हा हवा तेव्हा परत आणता येतो.

रेपॉझिटरीत काय टाकायचं आणि काय बाहेर ठेवायचं?

माणसाने हाताने केलेलं सगळं आत: मॉडेलं, लायब्ररी, डिक्शनरी, स्क्रिप्ट, टेस्ट, रिक्वायरमेंटच्या फाइली आणि त्यांच्या लिंक, एस-फंक्शनचा सोर्स, प्रोजेक्टची स्वतःची फाइल. मशीनने तयार केलेलं बाहेर: एसएलपीआरजे फोल्डर, एसएलएक्ससी कॅश, ऑटोसेव्हच्या फाइली, सिम्युलेशनचे निकाल. ही नावं पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने काय वगळायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहा. कॅश कमिट केली की दर बिल्डला ती बदलते, आणि खरा बदल त्या गर्दीत हरवतो.

आपल्याकडून काही सुटलं का, हे डोळ्यांनी शोधत बसू नका. सिम्युलिंक प्रोजेक्टमध्ये डिपेंडन्सी अॅनालायझर आहे. कोणती फाइल कोणाला लागते, कोणती सापडत नाही आणि कोणती प्रोजेक्टच्या बाहेरून येते, हे तो नकाशा काढून दाखवतो. मोठ्या बदलाआधीही तोच चालवा. या डिक्शनरीला हात लावला तर किती मॉडेलं हलतील, ते आधी कळतं.

गिटला एसएलएक्स फाइल का समजत नाही?

एसएलएक्स, म्हणजे सिम्युलिंक मॉडेलची फाइल, ही मुळात झिप केलेली फाइल आहे आणि तिच्या आत एक्सएमएल असतात. आर२०१२ए मध्ये हा प्रकार आला आणि आर२०१२बी पासून तोच मूळ पर्याय झाला. गिट ओळीओळीने तुलना करतं, आणि झिपमध्ये ओळी नसतात. म्हणून गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये (कोणता प्रकार गिटने कसा हाताळायचा ते ती सांगते) एसएलएक्स, डिक्शनरीचा एसएलडीडी, एमएलएक्स, मॅट या सगळ्या प्रकारांना बायनरी म्हणून नोंदवा. ही नोंद नसेल तर विंडोज आणि लिनक्समधल्या ओळ संपवण्याच्या खुणा बदलताना गिट फाइलचे बाइट बदलू शकतं, आणि मॉडेल उघडेनासं होतं.

मग जुना एमडीएल प्रकार वापरू का? तो तर टेक्स्ट आहे.

नको. टेक्स्ट असल्यामुळेच तो जास्त धोक्याचा आहे. दोन ब्रँचमधले, म्हणजे कामाच्या समांतर शाखांमधले, बदल वेगवेगळ्या ओळींवर असले की गिट स्वतःच ते एकत्र करून टाकतं (यालाच मर्ज म्हणतात) आणि कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, दाखवत नाही. ओळी जुळतात, पण त्या ओळींनी बनणारी आकृती बरोबर आहे की नाही हे गिटला माहीत नसतं. एखादी सिग्नल लाइन भलत्याच पोर्टला जोडली जाऊ शकते. न उघडणारी फाइल निदान लगेच लक्षात येते. चुकीचं जोडलेलं आणि तरी उघडणारं मॉडेल शांतपणे पुढे जातं.

दोघांनी एकाच मॉडेलमध्ये बदल केले. आता मर्ज कसं करायचं?

सिम्युलिंकचं स्वतःचं थ्री-वे मर्ज टूल आहे, तेच वापरा. त्यात मूळ मॉडेल, तुमचं मॉडेल आणि समोरच्याचं मॉडेल शेजारी शेजारी दिसतं. ब्लॉक, लाइन, पॅरामीटर अशा पातळीवर कोणाचा बदल घ्यायचा ते ठरवता येतं. आधी फिल्टर लावून ब्लॉकची जागा, रंग, आकार असे दिसण्यापुरते बदल बाजूला काढा. अनेकदा चाळीस फरकांपैकी खरे तीनच उरतात.

मर्ज करताना ज्याने समोरचा बदल केला, त्याला शेजारी बसवा किंवा कॉलवर घ्या. हा मी टीमचा नियमच करून ठेवला आहे. टूल सांगतं की समोरच्याने सॅच्युरेशनची वरची मर्यादा बदलली. का बदलली, ते फक्त त्या माणसालाच माहीत असतं.

मर्ज झाल्यावर लगेच कमिट करू नका. मॉडेल अपडेट करा, म्हणजे कंट्रोल आणि डी दाबा, त्रुटी पाहा, त्या भागाच्या टेस्ट चालवा, मग कमिट करा.

आणि ज्या मर्जमध्ये कॉन्फ्लिक्टच येत नाही, त्याला जास्त जपा. समजा, एकीने वेगाच्या मॉडेलमधला सिग्नल किलोमीटर प्रति तासावरून मीटर प्रति सेकंदावर आणला. त्याच आठवड्यात दुसऱ्याने त्याच सिग्नलवर चालणारं नवं मॉडेल लिहिलं, जुनं एकक धरून. फाइली वेगळ्या, त्यामुळे गिटला भांडण दिसत नाही. दोन्ही बदल हिरव्या खुणेसह आत जातात आणि गाडीचा वेग ३.६ पटीने चुकतो. यावर उपाय रेपॉझिटरीत नाही, मॉडेलमध्ये आहे: पोर्टवर एकक लिहा. एककं जुळली नाहीत तर सिम्युलिंक इशारा देतं. तो इशारा बंद करून ठेवू नका.

मॉडेलचे तुकडे किती करायचे?

माझं मत असं की मर्जची बहुतेक दुखणी इथेच बरी होतात. एकाच प्रचंड मॉडेलवर सहा जण काम करत असतील, तर जगातलं कुठलंही टूल तुम्हाला सुखाने जगू देणार नाही. तुकडा असा पाडा की एका वेळी एका फाइलवर एकच माणूस काम करेल, आणि शक्यतो एका कामाचा बदल एक-दोन फाइलींत मावेल.

तुकडे पाडायचे मार्ग तीन. मॉडेल रेफरन्समध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र मॉडेल असतो. त्याची सीमा पक्की असते, तो एकटा सिम्युलेट करता येतो, त्याचा कोड वेगळा निघतो. कंट्रोलरच्या मुख्य भागांसाठी हाच घ्या. सबसिस्टिम रेफरन्स आर२०१९बी मध्ये आला. त्यात सबसिस्टिम वेगळ्या फाइलमध्ये जाते, पण वागते जिथे ठेवली आहे तिथल्यासारखी. जुनं मोठं मॉडेल हळूहळू फोडायचं असेल तर हा मार्ग सोपा, कारण इंटरफेस नव्याने ठरवावे लागत नाहीत. तिसरी लायब्ररी. फिल्टर, डिबाउन्स, टेबल लुकअप असे पुन्हा पुन्हा लागणारे लहान ब्लॉक तिथे ठेवा.

लायब्ररीबद्दल एक सावधगिरी. घाईत कुणीतरी लिंक बंद करून ब्लॉकच्या आत स्थानिक बदल करतं. ब्लॉक दिसायला तसाच राहतो, पण लायब्ररीतली पुढची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. बंद केलेल्या लिंक शोधणारी तपासणी रोजच्या बिल्डमध्ये टाका.

तुकडे अतिही करू नका. तीन ब्लॉकसाठी वेगळी फाइल केली, की एका साध्या बदलासाठी नऊ फाइली उघडाव्या लागतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला धागा सापडत नाही.

लॉक लावावं की नाही?

जिथे मर्ज करणं परवडत नाही तिथे लावावं. सबव्हर्जन या गिटसारख्याच टूलमध्ये नीड्स-लॉक ही प्रॉपर्टी आहे, आणि अजूनही सबव्हर्जन वापरणाऱ्या टीमने त्याबद्दल कमीपणा मानू नये. मॉडेलांसाठी ती पद्धत चांगली चालते. गिटमध्ये हीच सोय गिट एलएफएस, म्हणजे मोठ्या फाइलींसाठीचं गिटचं जोड-टूल, देतं. फाइलचा प्रकार लॉकेबल म्हणून नोंदवला की ती फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते, आणि लॉक घेतल्यावरच लिहिता येते.

दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, लॉक घेतलं म्हणजे तुमच्याकडची प्रत ताजी झाली असं नाही. आधी पुल करा, म्हणजे ताजे बदल उतरवून घ्या. दुसरी, लॉक सोडणं. पुण्यात बसून जर्मनीतल्या टीमबरोबर काम करत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे दुपारचे दोन. लॉक न सोडता घरी गेलात, तर समोरच्याची उरलेली दुपार तुमची वाट पाहण्यात जाते.

मी स्वतः सगळ्या फाइलींना लॉक लावत नाही. डिक्शनरी, मुख्य लायब्ररी आणि सगळ्यात वरचं जोडणीचं मॉडेल, एवढ्यांनाच लावते.

पॅरामीटरच्या किमती कुठे ठेवायच्या? बेस वर्कस्पेसमध्ये चालतं ना?

बेस वर्कस्पेस म्हणजे मॅटलॅबची त्या सत्रापुरती स्मृती. एकट्याच्या प्रयोगाला चालतं. टीमला नाही. हे मी एका प्रकल्पात जवळून पाहिलं आहे. टॉर्कची एक मर्यादा एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या मॅट फाइलमधून वर्कस्पेसमध्ये यायची. तो असेपर्यंत कुणाला काही जाणवलं नाही. तो दुसऱ्या प्रकल्पावर गेला आणि बिल्ड दुसऱ्या मशीनवर सुरू झाली. तिथे त्याच नावाचं व्हेरिएबल वेगळ्याच प्रोजेक्टच्या स्टार्टअप स्क्रिप्टमधून आधीच आलेलं होतं. त्रुटी आली नाही, इशारा आला नाही, कोड निघाला. टेस्ट बेंचवर पेडल दाबल्यावर प्रतिसाद मंद वाटला, म्हणून आम्ही शोधत मागे गेलो. पूर्ण दोन दिवस गेले, आणि बेंचवर ते जाणवलं नसतं तर काय झालं असतं हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून किमती डेटा डिक्शनरीत ठेवा आणि डिक्शनरीच्या सेटिंगमध्ये बेस वर्कस्पेसचा रस्ता बंद करा. मग व्हेरिएबल सापडलं नाही तर मॉडेल तिथेच थांबेल, आणि तेच आपल्याला हवं आहे.

एकच मोठी डिक्शनरी करू नका. एकात सगळ्यांच्या वाट्याच्या गोष्टी: बस (अनेक सिग्नलचा एकत्र गठ्ठा), एन्युमरेशन (ठरावीक नावांच्या किमतींची यादी), डेटा टाइप. प्रत्येक घटकाची आपली वेगळी, जी त्या सामायिक डिक्शनरीचा संदर्भ घेते. सामायिक डिक्शनरीला एक राखणदार नेमा. बसमध्ये एक घटक वाढवला तरी ती बस वापरणारं प्रत्येक मॉडेल हलतं, आणि हे ठरवणारा माणूस ओळखीचा असावा.

नवख्यांकडून हमखास होणारी चूक: मॉडेल सेव्ह केलं, डिक्शनरी करायची राहिली. डिक्शनरी वेगळी सेव्ह करावी लागते. कमिटमध्ये मॉडेल जातं, नवा पॅरामीटर जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इतर सगळ्यांची बिल्ड पडते.

रेपॉझिटरी खूप फुगली आहे. काय करू?

गिट जुन्या आणि नव्या प्रतीतला फक्त फरक साठवून जागा वाचवतं. पण दाबलेल्या झिपमध्ये एक ब्लॉक हलवला तरी जवळजवळ सगळे बाइट बदलतात, म्हणून फरक मोठा येतो. सिम्युलिंक प्रोजेक्टमध्ये मॉडेल न दाबता साठवायचा पर्याय आहे. डिस्कवर फाइल मोठी दिसते, पण गिटला फरक नीट काढता येतो आणि इतिहास लहान राहतो. बहुतेक टीमना एवढं पुरतं.

खरोखर मोठ्या फाइलींसाठी, म्हणजे गाडीवर नोंदवलेल्या मोजमापांसाठी वगैरे, गिट एलएफएस आहे. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या गिटमध्ये घेतच नाही. एलएफएस रेपॉझिटरीत तीन ओळींची एक चिठ्ठी ठेवतं आणि खरी फाइल वेगळ्या ठिकाणी. ज्या मशीनवर एलएफएस नाही तिथे ती चिठ्ठीच एसएलएक्स नावाने उतरते आणि मॉडेल खराब झालं असं वाटतं. घाबरू नका; एलएफएस बसवा आणि पुन्हा पुल करा.

एलएफएस आज सुरू केलं म्हणून जुना इतिहास लहान होत नाही. त्यासाठी इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात. ज्या प्रकल्पाची रिलीज बाहेर गेली आहे, तिथे हे करू नका. त्या जुन्या क्रमांकांचा उल्लेख कुणाच्या तरी टेस्ट अहवालात आहे.

ब्लॉक काढून तसाच नवा ठेवला, तर रिक्वायरमेंटची लिंक का तुटली?

प्रत्येक ब्लॉकला मॉडेलपुरता एक ओळख क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात. लिंक ब्लॉकच्या नावाला नव्हे, या क्रमांकाला बांधलेली असते. नवा ब्लॉक म्हणजे नवा क्रमांक, जरी तो हुबेहूब तसाच दिसला तरी. म्हणून आहे तोच ब्लॉक बदला. काढून पुन्हा ठेवू नका.

सगळ्यांनी मॅटलॅबची एकच रिलीज वापरायलाच हवी का?

हो. नव्या रिलीजमध्ये सेव्ह केलेलं मॉडेल जुन्या रिलीजवाल्याला सरळ उघडता येत नाही. जुन्या आवृत्तीत एक्सपोर्ट करता येतं, पण दर वेळी त्यावर विसंबून टीम चालत नाही.

टूलची आवृत्ती किती महाग पडू शकते, याचं उदाहरण विमान उद्योगातलं आहे. एअरबस ए३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. हॅम्बुर्गमध्ये कॅटिया या डिझाइनच्या टूलची चौथी आवृत्ती वापरात होती आणि तुलूझमध्ये पाचवी. दोन्हीकडचा डिझाइन डेटा नीट जुळला नाही, आणि जुळणीच्या वेळी तयार केबल ठरलेल्या जागी पुरेनात. २००६ मध्ये विमानांना उशीर होणार असल्याचं कंपनीला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं. पहिलं विमान ग्राहकाला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

रिलीज बदलायची असेल तर सगळ्यांनी एका दिवशी बदला. त्या दिवशी दुसरा कुठलाही बदल कमिट करू नका. आवृत्ती बदलल्याने जे हलेल ते एका वेगळ्या कमिटमध्ये राहू द्या.

बेसलाइन म्हणजे टॅगच ना?

बेसलाइन म्हणजे ठरवून गोठवलेली अवस्था, आणि टॅग म्हणजे त्या कमिटला दिलेलं नाव. टॅग हा तिचा गाभा. पण टॅगसोबत मॅटलॅबची रिलीज, लागणारी उत्पादनं, सी कंपायलर आणि त्याची आवृत्ती हेही रेपॉझिटरीतल्या एका फाइलमध्ये लिहिलेलं हवं. नाहीतर कोऱ्या मशीनची कसोटी पार होणार नाही. वाहनांच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ या मानकाची पहिली आवृत्ती २०११ ची आणि दुसरी २०१८ ची आहे. त्याच्या आठव्या भागात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची अपेक्षा मांडली आहे, आणि तिचा रोख याच दिशेने आहे: ठरलेल्या अवस्थेतलं काम पुन्हा जसंच्या तसं उभं करता आलं पाहिजे.

कारण सरळ आहे. गाडी रस्त्यावर दहा-पंधरा वर्षं धावते. सहाव्या वर्षी एखादी तक्रार आली, तर त्या गाडीतला कोड ज्या मॉडेलवरून निघाला तेच मॉडेल उघडावं लागतं. तेव्हा टॅगवरून ब्रँच काढा आणि दुरुस्ती तिथे करा. एकदा लावलेला टॅग हलवू नका.

जनरेट झालेला कोड कमिट करावा का?

रोजच्या कामात नको. कोडच्या फाइलच्या वर तारीख, वेळ आणि मॉडेलची आवृत्ती छापली जाते, त्यामुळे काही न बदलताही फरक दिसतो. रिलीजच्या वेळी मात्र, ज्या कोडवर शेवटच्या टेस्ट झाल्या तो कोड टॅगशी जोडून जपून ठेवा. वेगळ्या आर्टिफॅक्ट सर्व्हरवर (तयार फाइली साठवायच्या सर्व्हरवर) ठेवला तरी चालेल.

मॉडेलचा रिव्ह्यू पुल रिक्वेस्टमध्ये कसा करायचा? तिथे काहीच दिसत नाही.

पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मुख्य शाखेत घ्यायची विनंती. तिथे ब्राउझरला बायनरी फाइल दाखवता येत नाही, हे खरं. पण मॅटलॅबची तुलना स्क्रिप्टमधून चालवून तिचा अहवाल छापता येतो. बिल्ड सर्व्हरवर दर पुल रिक्वेस्टला हा अहवाल तयार करा आणि तिथेच जोडा. रिव्ह्यू करणाऱ्याला मॅटलॅब न उघडता बदललेले ब्लॉक दिसतात. कमिटच्या संदेशात मात्र बदलाचं कारण लिहा. ‘मॉडेल अपडेट केलं’ या संदेशाचा कुणालाच उपयोग नाही.

आम्ही कॅपेला किंवा सिसएमएल वापरतो. हे सगळं लागू पडतं का?

बरंचसं. कॅपेला हे सिस्टिमची रचना मांडायचं टूल, आणि सिसएमएल ही त्यासाठीची भाषा. कॅपेलाची मॉडेलं एक्सएमएलमध्ये असतात, म्हणून एमडीएलबद्दल लिहिलेला धोका तिथेही आहे: गिटला आपोआप मर्ज करू देऊ नका. आकृत्या एका फाइलमध्ये आणि मॉडेलचा आशय दुसऱ्या फाइलमध्ये असतो, दोन्ही एकत्रच कमिट करा. अनेकांनी एकाच वेळी काम करायचं असेल तर टीम फॉर कॅपेला आहे; त्यात लॉक अख्ख्या फाइलऐवजी मॉडेलमधल्या घटकावर लागतं. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मॉडेल टेक्स्टमध्ये लिहायची प्रमाण पद्धत आहे, त्यामुळे ओळीओळीचा फरक वाचता येईल. पण एककं, इंटरफेस आणि बेसलाइन यांचं वर लिहिलेलं तिथेही करावंच लागेल.

आमची मॉडेलं सध्या शेअर्ड ड्राइव्हवर आहेत. सुरुवात कुठून करू?

आज चालू असलेल्या प्रतीपासून. जुने सगळे फोल्डर इतिहास म्हणून गिटमध्ये ओतायचा प्रयत्न करू नका. ते झिप करून बाजूला जपा. गिटइग्नोर आणि गिटअॅट्रिब्यूट्स या दोन फाइली सगळ्यात आधी कमिट करा, मॉडेल त्यानंतर. मग प्रोजेक्ट तयार करा, डिपेंडन्सी अॅनालायझर चालवा आणि बाहेरून येणारी एकेक फाइल आत आणा. यात आठवडा जाईल, तो जाऊ द्या. शेवटी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला एक रिकामं मशीन द्या आणि कुणालाही काही न विचारता कोड काढायला सांगा. ते जिथे अडतील, तिथलं आधी दुरुस्त करा.